संचित रजेवर सुटलेले शब्द

बंदीवानांची बोली म्हटली की काहीतरी गूढ, सांकेतिक आणि सभ्य जनांना दुर्बोध अशी भाषा वाचकाच्या मनश्चक्षूंपुढे उभी राहते. परंतु शब्दकोशाच्या कामात ज्याचा बराच काळ गेला आहे अशा माझ्यासारख्याचा अनुभव नेमका उलटा आहे. जी भाषा खरोखर गुप्त राखण्यासाठी जन्मली, ती बहुधा आपल्या बोलणाऱ्यांबरोबरच लयास गेली. ठगांचा बंदोबस्त करणारा इंग्रज अधिकारी स्लीमन याने माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांकडून त्यांच्या 'रामसी' बोलीचे शब्द गोळा करून १८३६ साली कलकत्त्यास त्यांचा कोश छापविला. त्यात सावज भुलविणारा, गळा आवळणारा आणि प्रेत पुरण्याची जागा निवडणारा या प्रत्येकास स्वतंत्र नाव आहे, शकुन-अपशकुनांची तर रेलचेल आहे. पण त्यांपैकी मराठी बाजारात रुळलेला शब्द मला तरी आढळलेला नाही. सातासमुद्रापार गेला तो 'ठग', आणि तो तर लोकांनी त्यांना दिलेला शब्द!

मग कारागृहातून आपल्या बोलण्यात आले ते काय? माझे मत असे की, आली ती चोरांची भाषा नव्हे, तर सरकारचीच भाषा, कैद्याने तोंड वाकडे करून उच्चारलेली. झडती, हजेरी, मुलाखत, मशक्कत, जामीन, मुचलका हे दफ्तरातले शब्द ज्याच्या कानांवर जमादाराच्या आवाजात आदळत असतात, त्याच्याजवळ प्रतिकाराचे एकच निर्वेध साधन उरते, आणि ते म्हणजे उपरोध. म्हणून तुरुंगाची 'सासुरवाडी' होते, कोठडी 'बिनभाड्याची खोली' ठरते आणि शिक्षेला 'सरकारी पाहुणचार' म्हणतात. हा विनोद भिंतीबाहेर आला तो पुष्कळदा लज्जेच्या वाटेने. ज्या घरचा कर्ता पुरुष गजांआड गेला आहे, त्या घरातील माणसांना शेजारणीपाशी 'कैद' हा शब्द उच्चारवत नाही आणि मौनही परवडत नाही. अशा वेळी 'तो आत आहे' यातले नुसते 'आत' हे अव्यय दोन्ही अडचणी निवारते, आणि ऐकणारीही 'कशाच्या आत?' असे विचारीत नाही.

'तुरुंग' हा शब्दच मुळी पोर्तुगीज 'त्रोंको'वरून आला असे व्युत्पत्तिकार मानतात. त्याचा मूळ अर्थ झाडाचे खोड, आणि त्यावरून पुढे कैद्याचे पाय अडकविण्याचे लाकूड. मराठीतील खोड आणि खोडा यांचे नातेही तसेच दिसते. ठरत आलेल्या लग्नात कुणी 'खोडा घातला' अशी तक्रार करणाऱ्या वधूपित्यास आपण जुन्या बंदिखान्यातील उपकरणाचे नाव घेत आहोत याची शंकाही येत नसते. अंदमानातला 'कोलू', म्हणजे कैद्यांना जुंपायचा तेलाचा घाणा, मराठी घरांत पोचला तो सावरकरांच्या 'माझी जन्मठेप' (१९२७) या ग्रंथामुळे. 'काळे पाणी' तर इतके घरचे झाले की गैरसोयीच्या तालुक्यात बदली झालेला कारकूनही आपल्याला तीच शिक्षा झाल्याचे सांगतो.

सर्वांत लांबचा पल्ला मात्र आकड्यांनी गाठला. १८६० साली संमत झालेली भारतीय दंडसंहिता १८६२ च्या जानेवारीत अमलात आली, आणि बराकीतल्या माणसाची ओळख नावाइतकीच कलमाने होऊ लागली. हा तीनशेदोनवाला, तो तीनशेशहात्तरवाला: कृत्याचे नाव घेण्यातली शरम आणि कधीकधी त्याची बढाईही आकड्याच्या आड झाकली जाते. फसवणुकीच्या ४२० व्या कलमाने तर न्यायालयाची पायरी कधी न चढलेल्यांच्याही जिभेवर बिऱ्हाड केले. १९५५ साली राज कपूरने 'श्री ४२०' काढला तेव्हा प्रेक्षकांना त्या नावाची फोड करून सांगण्याची गरज नव्हती. चित्रपटाने शब्द निर्माण केला नाही, त्याला प्रतिष्ठेचा कोट चढविला.

'सत्या' (१९९८) आणि 'वास्तव' (१९९९) या चित्रपटांनी मुलांची भाषा बिघडविली अशी ओरड करणाऱ्यांशी म्हणूनच माझे जमत नाही. 'सुपारी' हा शब्द काही मुंबईच्या टोळ्यांनी शोधून काढलेला नव्हे. तमाशाचा फड ठरवायचा, लग्नाला वाजंत्री ठरवायची, तर सुपारी देण्याचा प्रघात आपल्याकडे रूढच होता. गुन्हेगाराने समाजाकडून उसना नेलेला शब्द रक्ताळून परत केला, एवढेच. लाखाला 'पेटी' आणि कोटीला 'खोका' म्हणण्याची टोळ्यांची रीतही अशीच वर चढत गेली, आणि २०२२ साली विधानभवनाच्या पायऱ्यांवर आमदारांच्या घोषणांत 'खोके' दुमदुमले; त्या दिवशी अर्थ विचारण्यासाठी कुणी आमच्यासारख्या कोशकारांकडे धावले नाही.

१ जुलै २०२४ पासून त्या जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. तिच्यात खून १०३ व्या कलमात गेला, आणि ३०२ हा आकडा धार्मिक भावना दुखविणाऱ्या उद्गारांच्या वाट्याला आला. फसवणूक ३१८ व्या कलमाखाली येते. कलमेच एकंदर ३५८ असल्यामुळे ४२० वे कलम तिच्यात नाही.