दोन क्रमांकांचे दार

पदव्युत्तर शिक्षणातील एक सत्र नेदरलँड्समधील टिलबर्ग येथे पूर्ण करण्याची संधी मला मिळाली. निघताना आईने खाखरे आणि भाजलेल्या डाळी बांधून दिल्या. बाबांनी एक कोरी वही हाती ठेवली. "खर्च कर, पण नोंद रोजची रोज व्हावी," एवढेच ते म्हणाले. कोरपना येथे तीन पिढ्या दुकान चालवणाऱ्या आमच्या घरात निरोपही असाच दिला जातो.

पाच दिवस वर्ग आणि शनिवार-रविवार रेल्वेप्रवास, असा क्रम लवकरच ठरून गेला. संवत्सरीच्या सुमारास बेल्जियममधील अँटवर्प गाठले आणि विल्राइक उपनगरातील संगमरवरी जैन मंदिरात दर्शन घेतले. घरापासून इतक्या दूर नवकार मंत्राचे स्वर कानी पडताच डोळे भरून आले. परतीच्या गाडीत बसल्या बसल्या मोबाइलवरून दोनशेहून अधिक जणांना 'मिच्छामि दुक्कडम्' पाठवले. त्या नादात एक देश संपून दुसरा केव्हा सुरू झाला, हे कळलेही नाही.

ऑक्टोबरमधील एका शनिवारी मैत्रिणींसह बसने बार्ले या गावी गेले. गाव एकच, परंतु त्याचे काही भाग नेदरलँड्सचे, तर काही बेल्जियमचे. नेदरलँड्सच्या भूमीत बेल्जियमचे बावीस तुकडे विखुरलेले आहेत आणि त्यांतील काहींच्या पोटात पुन्हा नेदरलँड्सचे तुकडे आहेत. मध्ययुगातील सरदारांनी केलेल्या जमिनीच्या वाटण्यांचा हा वारसा. पदपथावर पांढऱ्या फुल्यांनी सीमा आखलेली. ती दुकानांतून आणि घरांतूनही जाते. पुढचे दार ज्या देशात, त्या देशाचे ते घर, असा तेथील रिवाज. एका घराच्या तर दारामधूनच सीमा गेलेली आहे. म्हणून त्या दाराला दोन देशांचे दोन क्रमांक लावलेले. नगरपालिका दोन, महापौरही दोन. आम्ही एक पाय इकडे, एक पाय तिकडे ठेवून छायाचित्रे काढली आणि मनसोक्त हसलो.

हसता हसता मी एकाएकी थांबले. मला आमचे दुकान आठवले.

दहावीच्या सुट्टीत एकदा मी गल्ल्यावर बसले होते. जिवतीच्या पहाडावरून एक वयस्क गृहस्थ आले. बियाण्याची पिशवी त्यांना उधारीवर हवी होती. मी त्यांना ओळखत नव्हते, म्हणून ओळखपत्र मागितले. त्यांनी पिशवीतून शिधापत्रिका काढली, तेव्हा तिच्यासोबत दुसरीही बाहेर आली. एक महाराष्ट्राची, एक तेलंगणाची. मी नोकराकडे वळून त्यांना ऐकू जाईल अशा स्वरात म्हणाले, "दोन सरकारांना फसवणारा माणूस आपली उधारी काय फेडणार?" त्यांनी बियाण्याची पिशवी निमूटपणे खाली ठेवली. पंधरा दिवसांनी मागील बाकी पैन्‌पै पाठवून दिली आणि पुन्हा दुकानाची पायरी चढले नाहीत. बाबा मला एका शब्दानेही बोलले नाहीत. तेच मला अधिक लागले होते.

जिवती तालुक्यातील त्या चौदा गावांवर दोन्ही राज्ये हक्क सांगत आली आहेत. शाळा दोघांच्या, शिधा दोघांचा, मतदारयाद्याही दोघांच्या. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. परदेशात जे पाहण्यासाठी तिकीट काढून गेले, त्यालाच घराजवळ मी लबाडी म्हटले होते. आणि आमचे तरी काय? १९५६ पर्यंत आमचा राजुरा भाग हैदराबाद राज्यात होता. पुढे तो नांदेड जिल्ह्यात आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यात आला. आजोबांच्या जुन्या वह्यांत हाली शिक्का आणि कलदार असे दोन्ही हिशेब आहेत. म्हणून आजोबांना कोणी फसवे म्हटले नव्हते.

दोनशे जणांची क्षमा मागितली. जिथे ती मागायची होती, तिथे मात्र गेलेच नव्हते.

जानेवारीत परतल्यावर बाबांना हे सांगितले. त्यांनी दुकान काकांवर सोपवले आणि मोटारसायकल काढली. पहाडावरचा घाट चढून आम्ही त्या गृहस्थांच्या अंगणात पोहोचलो. मी त्यांच्या पाया पडले आणि सारे सांगितले. मराठवाड्यातून दुष्काळात तिकडे आलेले ते कुटुंब. बिनदुधाचा चहा देत ते म्हणाले, "शेठजी, पोरगी ल्हान व्हती तवा." मग त्यांनी दोन्ही शिधापत्रिका माझ्यापुढे ठेवल्या. "कार्डं दोन हायती, बाई. पर जमिनीचा पट्टा एकबी न्हाई. आता तूच सांग, कुनी कुनाला फसवलं?"

मला उत्तर देता आले नाही. बाबांनीही मान खाली घातली.

त्या रात्री बाबांनी नव्या वहीत त्यांच्या नावाचे खाते पुन्हा उघडले. हे लिहीत असताना त्या पानावर एकही नोंद झालेली नाही. ते येतील की नाही, हे त्यांनी ठरवायचे आहे.