कोरड्या गावातली ओल

वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. एवढ्या कोरड्या छत्रपती संभाजीनगरात भिंतींना बुरशी लागते हे कोकणातल्या पाहुण्यांना पटत नाही. पण इथली पुष्कळशी ओल साठवलेल्या पाण्याची असते. जायकवाडीचं पाणी नळाला काही दिवसांआड येतं, म्हणून घरोघरी हौद आणि गच्चीवर टाक्या. हौद बहुधा जिन्याखाली किंवा पार्किंगमध्ये, पायाला खेटून. आतल्या गिलाव्याला तडा गेला की पाणी पायातून भिंतीत चढतं. घर बघायला गेलात की हॉलच्या आधी हौद बघा.

*

घर बघायला माझ्या मते पितृपक्षासारखा काळ नाही. व्यवहार कुणी करत नाही, त्यामुळे एजंट इसारासाठी मागे लागत नाही, आणि भिंती अख्खा पावसाळा प्यायलेल्या असतात. अक्षय्य तृतीयेला कुठलंही घर कोरडं ठणठणीत दिसतं.

*

धाकट्या बहिणीसाठी सिडकोत एक रो-हाऊस बघत होतो. घरमालकीण काकूंनी आपणहून कपाट सरकवायला लावलं. मागे गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत रंगाचे पोपडे, कडेनं काळे ठिपके, प्लायवर करडी लव. कुबट वास एकदम अंगावर आला.

“हौद भरला की ही भिंत ओलावते. थोरला म्हणतो रंग मारून टाकू. पण तुझ्या लेकराला दमा आहे म्हणालीस ना, बाई?”

हौद रिकामा करून वॉटरप्रूफिंग करायचा खर्च किमतीतून वळता झाला. काकूंच्या शब्दावर बहिणीनं बाकीचं घरही विश्वासानं घेतलं. लपवलं असतं तर पहिल्याच पावसाळ्यात भांडण होतं.

*

पांढरी पूड दिसली की लगेच बुरशी म्हणू नये. लोणा असेल तर पाण्यात विरघळतो. तो भिंतीतला क्षार. बुरशी विरघळत नाही. मात्र लोणा आहे तिथं पाणी मुरतंय हे नक्की, आणि त्याच्या मागोमाग बुरशी येऊ शकते.

*

एकाच खोलीत एकाच भिंतीला ताजा रंग असेल तर सरळ विचारावं. ओल्या भिंतीवर पुट्टी आणि प्लास्टिक पेंट चढवला की ओल आत कोंडते आणि काही महिन्यांत फुगे धरतात. जुन्या शहरातल्या वाड्यांचा चुन्याचा गिलावा ओल घ्यायचा आणि सोडायचा; शिवाय चुन्यावर बुरशी सहजी धरत नाही.

शंका असल्यास प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर एक-दोन दिवस ठेवावा. आतून दव धरलं तर पाणी भिंतीतलं, बाहेरून धरलं तर खोलीतल्या हवेतलं. मग खिडक्या आणि एक्झॉस्ट बघायचे.

*

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ विकणाऱ्यांनी एकदा वाचावंच. नेहमीच्या काळजीनं बघूनही घेणाऱ्याला कळणार नाही असा मोठा दोष आपल्याला ठाऊक असेल, तर तो सांगणं विक्रेत्याचं कर्तव्य आहे. दडवणं ही फसवणूक ठरते. नव्या फ्लॅटला रेराचा आधार: ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष कळवला, तर बिल्डरनं ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा. जुन्या घराच्या खरेदीत हा आधार मिळत नाही. तिथं साठेखतातच लिहून घ्यावं: ओल कुठल्या भिंतीला, दुरुस्ती कोण करणार, आणि ती होईपर्यंत किती रक्कम राखून ठेवायची.