दुसरे व्हायोलिन

गेल्या महिन्यात नातवाने घरी कीबोर्ड आणला. दोन दिवसांत उजव्या हाताने एक गाणे बसवले आणि मला विचारले, "आजोबा, डाव्या हाताने काय वाजवायचं?"

मी गप्पच झालो. साठ वर्षे मी पेटी वाजवीत आलो, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. पेटीवाल्याचा डावा हात भात्यावर असतो. उजव्याने मिरवावे आणि डाव्याने वारा घालावा, अशी आमच्याकडची वाटणी. कीबोर्डला भाताच नाही. म्हणजे माझा डावा हात एकदम पेन्शनीत निघाला!

पण उत्तर मला ठाऊक होते. १९६४ साली माहीमच्या चाळीत एका माणसाने ते मला सांगितले होते, आणि मी हसलो होतो.

आमच्या समोरच्या खोलीत गोव्याचे एक गृहस्थ राहात. त्यांना आम्ही सगळी मुले 'फिडलवाले अंकल' म्हणत असू. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवीत. त्या विद्येच्या जोरावर कितीतरी गोवेकर मुंबईच्या चित्रपटसंगीतात आले. शंकर-जयकिशनांच्या गाण्यांचा वाद्यमेळ लिहिणारे सेबास्टियन डिसोझा, प्यारेलालांना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस ही त्यांतली मोठी नावे. आमचे अंकल या थोरांपैकी नव्हते. ते मागच्या रांगेतले, दुसऱ्या व्हायोलिनचे.

संध्याकाळी ते सराव करीत, पण त्यातून कुठलेही गाणे ओळखू येत नसे. एकच सूर लांबवर ओढायचा, मग खालचा, पुन्हा पहिला. एकदा मी विचारले, "अंकल, हे कुठलं गाणं?" त्यांनी त्या वर्षी ज्याच्या त्याच्या तोंडी असलेल्या गाण्याचे नाव सांगितले. आम्ही पोरे खो खो हसलो. मी धावत घरात गेलो आणि पेटीवर ते गाणे मुखड्यापासून वाजवून दाखवले. "असं आहे ते गाणं!"

ते रागावले नाहीत. हातातला कागद घेऊन आमच्या खोलीत आले. पाच रेघांवर कुणी उडीद सांडावेत तसा तो कागद दिसत होता. म्हणाले, "बाबा, गाणं ती बाई गाते. आमी तिला बसायला पाट मांडतो."

मग त्यांनी मला पंचमावर बोट ठेवायला सांगितले आणि स्वतः भाता धरला. माझ्या पंचमाखाली त्यांनी षड्ज आणि गंधार दाबले. पंचम कसा घरच्यासारखा निवांत बसला. मग षड्ज सोडला, गंधार ठेवला आणि वर निषाद घेतला. त्याच पंचमावर सावली आली. मग निषाद ठेवून त्याच्या जोडीला रिषभ घेतला, तेव्हा पंचम स्वतःच यजमान होऊन बसला. माझे बोट तर हललेही नव्हते! एकच माणूस घरी बाप, कचेरीत कारकून आणि सासुरवाडीला जावई असतो, तसे ते होते.

एक सोडून एक असे तीन स्वर एकदम वाजवले की कॉर्ड होते. सा-ग-प, म-ध-सा आणि प-नि-रे या तीन जुळण्यांत सातही स्वर येऊन जातात. म्हणून साध्या चालीच्या पुष्कळ गाण्यांना एवढी तीन घरे पुरतात. वडिलांच्या वहीत भातखंडे पद्धतीने लिहिलेल्या चिजा होत्या. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, सप्तकासाठी वर किंवा खाली टिंब. पण तिथे स्वर एकामागून एक चालत. अंकलच्या लिपीत ते एकावर एकही रचता येत. उभ्या ओळीत आले की ते एकाच वेळी वाजवायचे.

मात्र त्या दिवशी मला हे काही नको होते. वडील नेहमी म्हणत तेच मी म्हणालो, "कागद बघून वाजवतो तो कसला वादक?" वडिलांच्या बोलण्यात तथ्य नव्हते असे नाही. मींड आणि आंदोलन कुठल्याच कागदावर पुरते उतरत नाही, आणि रागाचे स्वर अशा घरांत कोंडले की गुदमरतात. पण ते वाक्य ज्याला ऐकवले, त्याचे पोट त्या कागदावर चालत होते. अंकल नुसते हसले आणि उठले. आमच्या पेटीपाशी ते पुन्हा कधी बसले नाहीत. काही वर्षांनी गोव्याला परत गेले. जाताना तो कागद माझ्या हातात ठेवला. मला तो वाचता येत नव्हता. तो मी वडिलांच्या वहीत ठेवून दिला.

परवा तो काढून नातवापुढे धरला. त्याने मोबाइलवरून ही लिपी शिकून घेतली आहे. कागदाच्या आरंभी जाळीसारख्या दोन खुणा होत्या. त्या पाहून तो म्हणाला, "स्केल डी." मी मनात म्हटले, पांढरी दोन. त्याने डाव्या हाताने अंकलची ओळ वाजवायला घेतली. तेच लांब, न ओळखू येणारे सूर! मी पेटी ओढली आणि पांढरी दोनच्या षड्जावर गाणे धरले.

साठ वर्षे वाजवलेले गाणे त्या दिवशी मी प्रथमच पाटावर बसलेले ऐकले. जिथे चाल वर चढे तिथे ती ओळ खाली उतरून तिला जागा करून देई. जिथे चाल थांबे तिथे ती हळूच हले. मधे चार मात्रा कागद मुकाच होता. तिथे माझा सूर उघडा पडला, आणि तो तसाच पडावा म्हणून अंकल दर वेळी मनात मोजत गप्प बसत असले पाहिजेत.

गाणे संपले. नातू कागद उलटसुलट करून पाहात म्हणाला, "आजोबा, हे नुसतं वाजवलं तर कुठलं गाणं आहे ते कळतच नाही हो!"

या खेपेला मी हसलो नाही.