साल्झबर्गचे सीमांतपूजन

गेट्राइडेगासे या अरुंद गल्लीतील मोझार्टचे जन्मघर पाहून आम्ही उभयता बाहेर पडलो, तो थोड्याच अंतरावर हाफ्नर घराण्याचे नाव ल्यालेली दुसरी गल्ली लागली. हे नाव आमच्या ओळखीचे. घरच्या तबकडीवरील ‘हाफ्नर सेरेनेड’ ती हीच!

१७७६ साली या घरातील एलिझाबेथचे लग्न ठरले. तिचा भाऊ सीगमुंड याने वीस वर्षांच्या मोझार्टकडून त्यासाठी संगीत रचून घेतले. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी, २१ जुलैला, हाफ्नरांच्या बागेतील घरी ते वाजले. म्हणजे आपल्या सीमांतपूजनाचीच वेळ म्हणा ना! सेरेनेड हा प्रकारच मुळी असा, मोकळ्या हवेतला आणि हसऱ्या मनाचा. कोणी कान देऊन ऐकावे असा त्याचा हट्ट नसे. वादकांच्या येण्याजाण्यासाठी वेगळे कूचसंगीतही असे. मोझार्टने तेही दिले. पुढे मात्र जवळजवळ तासाभराचे आठ भाग! मध्येच एकटे व्हायोलिन पुढे येऊन असे काही आर्जवाने बोलू लागते की वाटते, इतके जीव ओतून हे कोणासाठी? पाहुण्यांच्या गप्पांत ते कितीसे ऐकू गेले असेल?

मोझार्टला स्वतःला ऐकणाऱ्याच्या जागी बसण्याचा योग आला तो पाच वर्षांनी, व्हिएन्नात. १७८१च्या ऑक्टोबरअखेरीस, त्याच्या नामदिनी, रात्री अकराच्या सुमारास तो निजण्याच्या बेतात होता. तोच खाली अंगणात दोन क्लॅरिनेट, दोन हॉर्न आणि दोन बसून त्याचीच सेरेनेड वाजवू लागले! हे वादक अगदी गरीब. याच रचनेवर एका रात्री तीन ठिकाणी वाजवून त्यांनी चार पैसे मिळवले होते. पण वाजवतात छान, असे त्याने वडिलांना आवर्जून कळवले.

रात्री साल्झाख नदीकाठी फिरताना सौभाग्यवतींनी सहज विचारले, “अहो, बडोद्याला थोरलीच्या सीमांतपूजनाला सनईवाले कोण होते हो?”

आम्हास नाव आठवेना. त्या वेळी आम्ही पंगतीची पाने मोजत होतो. पूरिया होता की मारवा, तेही सांगता येईना. दिलेल्या बिदागीचा आकडा मात्र तोंडपाठ होता.