तुटणारा दुवा

आमच्या घरीं रोज सायंकाळीं इंटरनेटचा दुवा तुटूं लागला. चिरंजीवानेंच राऊटरशीं कांहीं खटपट केली असावी, असें समजून मीं त्यास रागें भरलों. तो बिचारा निमूटपणें दुवा तुटण्याच्या वेळा वहींत टिपीत राहिला. तारेनें राऊटरला जोडलेला संगणक अखंड चाले. बिनतारी जोडणी तेवढी खंडित होई, आणि तीही मायक्रोवेव्ह भट्टींत अन्न गरम होत असतांनाच! दोहोंच्या लहरी सुमारें २.४ गिगाहर्ट्‌झच्या, भट्टींतून किंचित् निसटलेल्या लहरी संदेशांत व्यत्यय आणीत. राऊटर स्वयंपाकघरापासून दूर नेऊन जोडणी ५ गिगाहर्ट्‌झवर घेतांच दुवा टिकला. मीं चिरंजीवाची क्षमा मागितली. विद्यार्थिमित्रहो, दोष देण्यापूर्वीं कारण शोधावें, हा धडा तुमच्या शिक्षकासही घरींच शिकावा लागला.