ओवाळणीचा रुपया

लेकीकडे फ्रँकफुर्टला गेले होते. एक दिवस जावई म्हणाले, "आई, चला, तुम्हांला एक विहीर दाखवतो."

शहराच्या उत्तरेला फ्रीडबर्ग म्हणून लहानसे गाव आहे. तिथल्या ज्यूंच्या गल्लीतली ती विहीर. विहीर कसली, आपल्याकडची बारवच! १२६० साली बांधलेली, पंचवीस मीटर खोल. भिंतींच्या कडेकडेने पायऱ्या आणि तळाशी जमिनीतले जिवंत पाणी. मला वाटले, पिण्याच्या पाण्यासाठी हा खटाटोप. तर नाही! ही स्नानाची जागा. तिला म्हणतात मिकवे.

पाळी संपल्यावर बाईने सात दिवस मोजायचे आणि अंधार पडला की इथे येऊन डोक्यावरून बुडी मारायची. मगच नवऱ्याजवळ जायचे. अंगाचा मळ आधीच धुऊन यायचा, म्हणजे हे स्नान स्वच्छतेचे नव्हेच. शेंदून भरलेले पाणी चालत नाही; झऱ्याचे किंवा पावसाचे, आपणहून साठलेले हवे. गावाची ऐपत बेताची असेल, तर सिनेगॉगच्या आधी मिकवे बांधायची, असा त्यांचा दंडक.

माझ्या कपाळाला आठी पडली. सासरी दर महिन्याला चार दिवस मागच्या पडवीत काढलेली बाई मी! 'कावळा शिवला' हे आळीतल्या पोराटोरांनाही कळे. एका भाऊबीजेला भाऊ एस. टी.चे धक्के खात आला आणि मी नेमकी बाजूला बसलेली. त्याने लांबूनच माझ्या पदरात रुपया टाकला आणि न ओवाळताच परत गेला.

"पण इथे हे कुणाला कळता कामा नये," जावई सांगत होते. "वाटेत कुणी भेटलं, तरी न पाहिल्यासारखं करायचं."

एवढ्याशा गल्लीत काय कळत नसेल? पण कळूनही न कळल्यासारखे करायचे, हा शेजारधर्म मला कुणी दाखवला नव्हता. बाकी नियम लिहायचे पुरुषांनी आणि कडाक्याच्या थंडीत कंदील घेऊन एवढे खाली उतरायचे बायकांनी, हे दोन्हीकडे सारखेच!

गुडघे कुरकुरत होते, तरी थोड्या पायऱ्या उतरले. खालून गार वारा आला.

वर आल्यावर कळले, गावातले सिनेगॉग नोव्हेंबर १९३८ मध्ये जाळले गेले. जमिनीखालची ही विहीर तेवढी राहिली.

परतताना लेकीला भाऊबीजेची ती हकीकत सांगितली. इतक्या वर्षांत प्रथमच.

बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "त्या रुपयाचं काय केलंस गं?"

"आहे," मी म्हटले. "खर्च नाही केला."