खडकांतील समुद्रपुष्पें

मोठ्या ओहोटीच्या वेळीं मुंबईस बांद्र्याच्या किंवा हाजीअलीच्या खडकांवर जावें. खळग्यांतील पाण्यांत उमललेलें दिसतें तें फूल नव्हे, तो प्राणी आहे. पाकळ्या म्हणजे मुखाभोंवतालच्या दंश करणाऱ्या शुंडिका. पाणी सरलें कीं तो त्या आंत ओढून घेतो व चिकट गोळा होऊन बसतो. कित्येकांच्या अंगास वाळू व शिंपल्यांचा चुरा चिकटलेला असतो. नवखा मनुष्य नेमका त्यावरच पाय देतो! एकेकटा, बुडाशीं सुटा असेल तर समुद्रपुष्प समजावें. चटईप्रमाणें परस्परांस जोडलेले असतील तर बहुधा त्याचे भाऊबंद झोअँथिड. सन २०२० मध्यें किनारी रस्त्याच्या कामासाठीं हाजीअलीच्या प्रवाळांच्या वसाहती अन्यत्र हलविण्यांत आल्या. समुद्रपुष्प मात्र हौसेनें उपटूं जाऊं नये; त्याची बुडाची चकती खडकास इतकी घट्ट धरून असते कीं, ओढतां ती फाटते.